दोन प्लेटांमधला शेंदूर

आमच्या घरात शेंदूर नाही. मी लहान असताना आमच्या वस्तीने धम्म घेतला. घरातले देव एका फडक्यात बांधून नदीत सोडले आणि त्यांच्याबरोबर शेंदराची डबीही गेली. पण आबांच्या नखांत शेंदूर राहिलाच. तो देवाचा नव्हता, लोखंडाचा होता. आबा म्हणजे माझे वडील. ते रेल्वेच्या लोखंडी पुलांवर रिवेट मारायचे. दोन प्लेटा एकमेकींवर ठेवून रिवेट ठोकायच्या आधी दोन्हींच्या आतल्या अंगाला जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर फासतात, म्हणजे आत गंज धरत नाही. गावातले लोक चेष्टेने म्हणायचे, "देव सोडलं, पर शेंदूर काय सुटंना गड्याचा." आबा हसायचे. त्यांना अर्धंच ऐकू यायचं, त्यामुळे चेष्टाही अर्धीच लागायची.

मी पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. हे लिहिताना मला सारखं वाटतंय की आपल्याला हे नीट सांगता येणार नाही, कारण यात चूक कोणाची ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कदाचित कोणाचीच नसेल. गेल्या उन्हाळ्यात जे झालं ते झालं तसं सांगतो.

राहुरी आणि बेलापूर यांच्या मध्ये एका ओढ्यावर रेल्वेचा जुना पूल आहे. त्याचे गर्डर बदलायचं काम निघालं होतं. आमची वस्ती तिथून चालत जाण्याइतकी जवळ, म्हणून आबांना पहिल्यांदाच घरी राहून काम करता आलं. एरवी ते टोळीबरोबर कुठे कुठे असायचे. टोळीचे मिस्त्री तेच. आईचे चुलतभाऊ भट्टीवर असायचे, रिवेट लाल करून चिमट्याने फेकायचे. त्यांना मी मामा म्हणतो. फेकलेला रिवेट पत्र्याच्या डब्यात झेलायचे ते आमच्या शेजारचे काका. आणखी दोघं मागून ठोकळा दाबून धरायचे आणि पुढून आबा हवेवर चालणारा हातोडा लावायचे. तो आवाज शेजारी उभं राहून ऐकवत नाही. त्या आवाजात बोलणं शक्यच नसल्यामुळे टोळीची हातांची एक भाषा होती. मूठ उघडली की रिवेट थंड पडलाय, कच्चा बसेल, दुसरा दे. दोन बोटं मनगटावर टेकवली की पक्का बसला. आबांचे कान गेल्यावर हीच भाषा आमच्या घरात आली. मीठ कमी पडलं तरी आई मूठ उघडून दाखवायची.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. ओढ्यात पाणी नव्हतंच, त्यामुळे पुलाच्या कामाला उलट सोयच झाली होती. पात्रात वाळूवरच लाकडी ठोकळे रचून त्यांच्यावर गर्डरचे तुकडे मांडले होते. गावातली बहुतेक माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जात होती, बायकाही. आमच्या वस्तीत न जाणारी घरं म्हणजे या टोळीतल्या माणसांची. आई ते कधी बोलून दाखवायची नाही, पण पाण्याच्या टँकरपाशी ती जरा ताठ उभी राहायची हे मला दिसायचं.

सुट्टीला आलो त्याच दिवशी दुपारी भाकरी घेऊन मी पुलावर गेलो. लांबूनच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आवाज येत नव्हता.

"आला का विंजेनेर," मामा म्हणाले. "बरं झालं. ही बघ आमची भट्टी."

भट्टी थंड होती. तिच्यात कोणीतरी पाण्याचा माठ बसवला होता.

"काय झालं, मामा?"

"रिबीट बंद. आता बोल्ट."

"मानसं बंद म्हन की सरळ," काका म्हणाले. ते डब्यावर बसले होते, त्याच झेलायच्या डब्यावर, पालथा घालून.

"तसं न्हाई," मामा म्हणाले. "सायेब चांगला हाय. एक सांधा आमाला करून बघायला दिलाय. पास झाला तर ह्या पुलावर आमीच ऱ्हानार. न्हाई झाला तर ठेकेदार भायेरनं टोळी आनतोय. बोलावून ठिवलीय म्हनं."

"आन आमी खडीवर," काका म्हणाले. "भट्टीवाला खडी फोडंल, मी झेलीन."

मामा हसले. "मला एक सांग, भट्टीच न्हाई तर च्या कशावर करायचा? तुज्या कालिजात ह्याचा इचार केलाय का कुनी?"

आबांनी मला जवळ बोलावून एक नवा बोल्ट हातात दिला. जाड, जड, डोक्यावर काही अक्षरं उठवलेली. मग दोन बोटं मनगटावर टेकवून भुवया वर केल्या. म्हणजे, हा पक्का बसतो का?

मी दोन बोटं मनगटावर टेकवली. खरं होतं तेच दाखवलं. आमच्या पुस्तकात रिवेटचा धडा आहे, पण सरांनी तो वाचायला सांगितला नाही, जुनी पद्धत म्हणून परीक्षेला येत नाही. बोल्टचा धडा मात्र दोनदा शिकवला. तो शिकत असताना मला आबांची आठवण आली नव्हती असं नाही. पण वर्गात हात वर करून काय विचारणार?

टोळीने मला मध्ये बसवलं आणि समजावून सांग म्हणाले. मी सांगू लागलो. रिवेट खुंटीसारखं काम करतो, प्लेट सरकू लागली की त्याला अडते. या बोल्टचं तसं नाही. तो आवळला की दोन प्लेटा इतक्या जोरात दाबल्या जातात की एकमेकींवर घसरतच नाहीत. घर्षणामुळे.

"घर्षन म्हंजी?"

"घासणं."

"घासलं तर झिजंल की रं."

मला दुसरा शब्द सापडेना. मी दोन्ही तळहात एकमेकांवर घट्ट दाबले आणि काकांना म्हणालो, "ओढून बघा." काकांनी एक मनगट धरून ओढलं. उन्हात चालत आलो होतो, तळवे घामाने भिजले होते. हात सटकन निसटला.

"घसरला की तुजा पूल," काका म्हणाले, आणि सगळे हसले. आबाही हसले. मीही हसलो.

तेवढ्यात साहेब आले. पुण्याकडचे, तरुण, माझ्यापेक्षा फार मोठे नसतील. आबांना 'तुम्ही' म्हणणारे साहेब मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी एक लांब पाना आणला होता. त्याला हवा तेवढा जोर आधी लावून ठेवायचा, आणि बोल्ट तेवढा आवळला गेला की पाना 'टक' करतो. त्यांनी करून दाखवलं. मामा, काका एकमेकांकडे बघू लागले. आबांना तो टक ऐकू येणार कसा?

आबांनी पाना हातात घेतला, अंग टाकून ओढला आणि बरोबर टक झालं तिथे थांबले. पुन्हा केलं. पुन्हा तिथेच थांबले. मग मनगटाकडे बोट दाखवून म्हणाले, "हितं कळतं, सायेब. मुंगी चावल्यागत."

साहेब खूष झाले. मला वाटतं त्या क्षणी आम्हा सगळ्यांनाच वाटलं की जमणार. जायच्या आधी साहेब आबांच्या कानाजवळ तोंड नेऊन मोठ्याने म्हणाले, "मिस्त्री, जोडायच्या आधी प्लेटांची तोंडं एकदम साफ पाहिजेत. साफ म्हणजे साफ. उद्याच्या उद्या जोडा. परवा सकाळी मोठे साहेब बघायला येतील."

"व्हय सायेब. साफ."

मीही ते ऐकलं. मला काहीच खटकलं नाही, कारण पुस्तकात तेच लिहिलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी रेशनचं धान्य आणायला राहुरीला गेलो. रांग मोठी होती. परत येताना पोतं घरी टाकलं आणि सरळ पुलावर गेलो, सांधा कसा झाला ते बघायला.

सांधा झाला होता. टोळी सावलीत बसली होती, सगळे दमलेले आणि खुशीत. मामांनी तीन दगड मांडून चहा केला होता. "बघ जा," ते म्हणाले. "तुज्या कालिजाला न्हेऊन दावावा असा केलाय."

खरंच देखणा झाला होता. बोल्टांच्या रांगा दोरी लावल्यासारख्या सरळ. मी वाकून पाहिलं. दोन प्लेटा जिथे मिळतात तिथे कडेने एक बारीक तांबडी रेघ सुटली होती. शेंदूर. आवळताना आतून बाहेर आलेला.

मी त्या रेघेला बोट लावलं. बोट तेलकट झालं.

आबा मागे येऊन उभे राहिले होते. "कारखान्यावाले लई आळशी," ते म्हणाले. "समद्या गर्डरला रंग दिलाय आन नेमकी सांध्याची जागा उघडीच ठिवलेली. कागद चिकटवून. इसरलेत काडायला. मग आमीच कागद काडला, बरशानं घासून घासून साफ केलं आन दोन हात दिलं. नेहमी एकच देतो. म्हनलं परीक्षा हाय."

आबांच्या धंद्यात 'तोंड साफ करणं' म्हणजे घासणं आणि शेंदूर देणं, दोन्ही मिळून. घासून उघडं ठेवलेलं तोंड त्यांच्या दृष्टीने अर्धवट केलेलं काम. लोखंडाला लोखंड उघडं भिडवायचं, आणि आत गंज लागू द्यायचा, हे त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं. कारखान्याने ती जागा मुद्दाम उघडी ठेवली होती. मुद्दाम खरखरीत केली होती. प्लेटा एकमेकींना धरणार त्या खरखरीनेच; ती खरखर म्हणजेच पूल.

मला आबांना हे सांगायचं होतं. हात वर केले, पण आमच्या हातांच्या भाषेत याला काहीच नव्हतं. थंड, गरम, मार, थांब, पक्का, कच्चा. शेवटी मी मूठ उघडली. कच्चा.

आबांचा चेहरा बदलला. त्यांनी बोल्टाकडे बोट दाखवलं. मी मान हलवली. बोल्ट नाही. मग ओरडूनच सांगावं लागलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आबा, आत शेंदूर चालत न्हाई. घसरतं त्यानं. आत उघडंच लागतं."

चहा पिणारे उठून जवळ आले.

"उघडं?" आबा म्हणाले. "गंजल की."

"हवा जात न्हाई आत. इतकं दाबलेलं असतं."

आबांनी त्या तांबड्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग शांतपणे म्हणाले, "बरं. मग खोलू. पुसून पुन्ना लावू. अजून ऊन हाय."

"एकदा असा आवळलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो, आबा."

"दुसरं बोल्ट घिऊ."

"सायेबांनी एका सांध्यापुरतेच मोजून दिलेत," काका हळूच म्हणाले.

"बोल्ट ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "आधी शेंदराचं बोल. रॉकेलनं पुसला तर?"

"रॉकेल पण तेलकटच."

"भट्टी पेटवतो. प्लेट तापवून शेंदूर जाळून टाकतो."

"वाकंल प्लेट. आन राख बसंल."

"बरशानं?"

"खरखरीत भागात शिरलाय तो. बरशानं वरवरचा निघंल."

"मग कशानं निघतो?"

"वाळूचा झोत मारायचं मशीन असतं. कारखान्यात."

"आन हितं?"

"हितं मला म्हाईत न्हाई, मामा."

मी तिथे उभा राहून फक्त नाही म्हणत होतो. ते चौघं पाचजण एकेक वाट काढत होते आणि मी ती बंद करत होतो, आणि प्रत्येक वेळी मी बरोबर होतो. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या पुस्तकात काय करू नये तेवढंच छापलंय का रं?" त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं. ते खरंच विचारत होते.

संध्याकाळी घरी आई म्हणाली, "आज बी कामाचा आवाज आला न्हाई. सुट्टी हुती का?" आबांनी मूठ उघडून दाखवली. तिला वाटलं कालवणात मीठ कमी आहे, आणि तिने मिठाचा डबा पुढे केला. त्यांनी चिमूटभर घेतलं आणि टाकलं.

सकाळी मोठे साहेब यायच्या आधी आबा आपल्या साहेबांकडे गेले. मला बरोबर घेतलं. लपवायचं का, असं कोणी म्हटलं नाही. टोळीत खोटा बसलेला रिवेट स्वतः खडूने दाखवून द्यायची रीत होती, कोणी विचारायच्या आधी. आबांच्या हातात खडू होताच. त्यांनी सांध्यावर फुली मारली आणि म्हणाले, "सायेब, आत शेंदूर दिलाय. दोन हात."

साहेबांना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा ते टोपी काढून ठोकळ्यावर बसले. "मी साफ म्हणालो होतो, मिस्त्री."

"साफच हाय, सायेब."

ते आबांकडे बघत राहिले आणि मला दिसलं की त्यांना कळलंय. आपला शब्द कुठे जाऊन पडला ते कळलंय. त्यांनी सांगितलं की दुसरा सांधा द्यायचं त्यांच्या हातात असतं तर दिला असता. पण गाड्या थांबवून गर्डर चढवायची वेळ ठरली होती, ती पाऊस येण्याआधीची होती आणि पुढे ढकलता येत नव्हती. बाहेरच्या टोळीला निघायचा निरोप गेला होता. हे सगळं सांगताना ते आबांकडे न बघता माझ्याकडे बघत होते, जणू मी मध्ये उभा राहून काहीतरी करू शकेन.

"तू इंजिनिअरिंगला आहेस ना?" ते म्हणाले. "तूच सांग. हा सांधा मी पास करू शकतो का? वरून गाडी जायची आहे."

मामा, काका सगळे जवळ आले होते. मी घरी 'न्हाई' म्हणतो. तेव्हा तोंडून 'नाही' निघालं, पुस्तकातलं, स्वच्छ. आजही कोणी विचारलं तर तेच म्हणेन. आबांना ऐकू आलं नसेल. पण त्यांनी माझे ओठ पाहिले आणि मान डोलावली, ठोकळा धरणाऱ्याने नीट इशारा केल्यावर डोलवायचे तशी.

मोठे साहेब आले, फुली पाहिली आणि सांधा नापास करून गेले. दुपारनंतर आमचे साहेब पुन्हा आले आणि जरा चाचरत म्हणाले की नवी टोळी येईपर्यंत तेवढा शेंदूर काढून ठेवायला हवा. तो विरघळवायचं द्रावण त्यांनी श्रीरामपूरहून मागवलंय, झोताचं मशीन काही मिळालं नाही, हातानेच घासावं लागेल. तेवढं काम आहे, करणार का?

"मीच लावलाय," आबा म्हणाले. "मीच काडतो."

ते काम तीन-चार दिवस चाललं. मीही हाताला लागलो. सांधा खोलला तेव्हा दोन्ही प्लेटांची आतली तोंडं तांबडीलाल होती, इतकी सारखी, इतकी एकजीव, की हात लावायला नको वाटावं. आबांनी तसं काही म्हटलं नाही. द्रावणात भिजवलेली चिंधी फिरवायची, ब्रशने घासायचं, मग खडबडीत दगडाने, मग पुन्हा चिंधी. त्या वासाने डोकं दुखायचं. खालचं लोखंड करडं दिसायला लागलं की आबा थांबायचे आणि नाराजीने बघायचे. मला वाटतं त्यांना ते नागडं वाटत होतं. मामा थोडा वेळ यायचे, चहा करायचे आणि म्हणायचे, "शेंदूर सुटला बाबा अखेर." एकदा ते म्हणून झाल्यावर त्यांना स्वतःलाच ते आवडलं नाही, आणि पुढे ते म्हणाले नाहीत.

शेवटच्या दिवशी आबा प्लेटेवरून उठले. हात पुसले. त्यांनी मला हाक मारली आणि बोलले, इशारा केला नाही.

"बघ. झालं का साफ?"

मी गुडघ्यावर बसलो. प्लेटेवर तळहात ठेवून दाबला आणि ओढायला गेलो. तो हलला नाही. कातडी धरून ठेवल्यासारखा अडकला. मी आबांकडे पाहिलं.

"हो," मी म्हणालो. मग लक्षात आलं की त्यांना ऐकू गेलं नसेल, आणि दोन बोटं मनगटावर टेकवली. पहिल्या दिवशी बोल्टाला दिला होता, त्यानंतर अख्ख्या सुट्टीत मी त्यांना दिलेला हा एकच होकार होता.

साहेबांनीही पाहिलं आणि ठीक म्हणाले. दुसऱ्या दिवशी नवी टोळी आली. पोरंच होती सगळी, आपसांत गप्पा मारत काम करायची, कारण त्या कामात गप्पा मारता येतात.

त्याच सकाळी आबा आणि मी खडीवर गेलो. आईही निघाली. सुट्टी संपेपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसून दगड फोडले. वारा पुलाकडून असला तरी तिकडचं काहीच ऐकू यायचं नाही. आबा प्रत्येक दगड फोडायच्या आधी एका बाजूला बोट लावून दुसरीकडून हातोडीने हलकेच टिचकी मारायचे, रिवेट तपासताना मारायचे तशी. मुकादम म्हणाला, "म्हाताऱ्या, ह्यात काय बघतोस, फोडायचाच हाय त्यो." आबांना ते ऐकू गेलं नाही, आणि मी ते त्यांना हातांनी सांगितलं नाही.